वासराच्या पोटातले जिवाणू: येतात कुठून आणि टिकतात कसे

नगरकडच्या एका तरुण गोठेवाल्याचा प्रश्न आहे. अकरा संकरित गाई. वासरू जन्मलं की तो लगेच वेगळं बांधतो आणि दूध बाटलीने पाजतो. तीन महिन्यांची एक कालवड ढेरपोटी झालीय, केस राठ, अंगात वाढ नाही. दुकानदाराने 'पोटातल्या चांगल्या जिवाणूंची' पावडर दिली, ती दोन महिने चारली, फरक शून्य. मध्येच एक गाय लग्नातला उरलेला भात खाऊन बसली. तेव्हा डॉक्टरांनी शेजारच्या बैलाच्या पोटातला रस काढून तिला पाजला आणि चार दिवसांत गाय वैरणीला लागली. आता तो विचारतो: बैलाच्या पोटातले जिवाणू गाईला चालले, मग पाकिटातले वासराला का चालले नाहीत? मुळात हे पोटात येतात कुठून? आणि शरीर त्यांना मारून का टाकत नाही?

प्रश्न चांगला आहे. सव्वीस वर्षं गुरांचा डॉक्टर म्हणून फिरतोय, पण 'शरीर त्यांना मारत का नाही' असं विचारणारे फार भेटत नाहीत. पावडरीचं उत्तर आधी देतो. घरात विरजण लावताना आपण कोमट दुधात चमचाभर दही घालतो आणि सकाळी दही तयार असतं. तेच चमचाभर दही लोणच्याच्या बरणीत टाकलं तर लोणच्याचं दही होत नाही. विरजण चांगलं की वाईट हा मुद्दा नंतरचा, ते कशात पडलं हे आधी बघायचं. तुमच्या वासराचं पोट अजून कोमट दूध झालेलं नाही. ते का, हे समजायला आधी गाईच्या पोटात शिरावं लागेल.

गाईला चार पोटं, त्यातलं पहिलं कोटीपोट (रुमेन). मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर ते दीडशे लिटर माल मावतो. तापमान ३९ अंशांच्या आसपास, प्राणवायू जवळजवळ नाही, आम्लता सहा ते सात सामूच्या (पीएच, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) दरम्यान. यातल्या एक मिलिलिटर रसात, म्हणजे वीस थेंबांत, हजार कोटींच्या पुढे जिवाणू असतात. शिवाय लाखाच्या घरात प्रोटोझोआ (जिवाणूंपेक्षा मोठे एकपेशी जीव), काही बुरशी, आणि मिथेन तयार करणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव. कडबा, उसाचं वाढं, वाळलेलं गवत यातला सेल्युलोज, म्हणजे चिवट तंतू, फोडायचं विकर (एन्झाइम) गाईकडे स्वतःचं नाही. हे काम पूर्णपणे या भाडेकरूंचं. ते सेल्युलोज आंबवतात आणि त्यातून अॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं बाहेर टाकतात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण सत्तर टक्के वाटा याच आम्लांचा, तीही कोटीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जातात. म्हणजे आपण गाईला वैरण घालतो म्हणतो, पण खरं तर जिवाणूंना घालतो, आणि गाय त्यांच्या उष्ट्यावर जगते.

उष्टं खाऊन झालं की ती त्यांनाही खाते. ही गोष्ट मला विद्यार्थी असताना फार आवडली होती, अजूनही आवडते. कोटीपोटातून माल पुढे सरकत चौथ्या पोटात येतो, तिथे कडक आम्ल असतं आणि लायसोझाइम नावाचं विकरही असतं. हे लायसोझाइम तुमच्या-माझ्या डोळ्यांतल्या पाण्यात असतं, जिवाणूंची भिंत फोडायला. गाईने तेच हत्यार पोटात आणलं आणि आम्लातही चालेल असं घडवलं. गाईच्या आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनांत अर्ध्याहून जास्त वाटा या मेलेल्या जिवाणूंचा असतो. गंमत अशी की आपल्याकडच्या देवळांवर उड्या मारणाऱ्या काळतोंड्या वानरांचं पोटही पानं आंबवणारं असतं, आणि त्यांच्या लायसोझाइममध्येही गाईसारखेच काही बदल झालेले आहेत. गाय आणि वानर यांचा जवळचा संबंध काही नाही. दोघांचा धंदा एक, म्हणून अवजार एकसारखं झालं. १९८७ साली हे संशोधन 'नेचर'मध्ये आलं होतं.

आता वासरू. जन्मतः त्याचं कोटीपोट म्हणजे रिकामी, पातळ, छोटी पिशवी. चारही पोटांत तेव्हा मोठं असतं ते चौथं. वासरू चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या शेवटी एक खोबण मिटून नळी तयार होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून सरळ चौथ्या पोटात उतरतं. म्हणून निपलची बाटली हवी. घशात नळीने किंवा बांबूच्या नळ्याने दूध ओतलं की खोबण नीट मिटत नाही, दूध कोटीपोटात सांडतं आणि सडतं. अशी वासरं मी बरीच पाहिलीत: मातकट पातळ हगवण, फुगलेलं पोट. घरचे 'दूध पचत नाही' म्हणून दूधच बंद करतात.

जिवाणू मात्र पहिल्या दिवशीच यायला लागतात. विताना योनिमार्गातून येतात, गाय चाटते तेव्हा तिच्या जिभेवरून येतात. सडावरून, खाली अंथरलेल्या पाचटावरून, शेणावरून, तुमच्या हातावरूनही. गाय वासराला चाटते तेव्हा ती नुसतं कोरडं करत नसते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या तोंडात कोटीपोटातला माल दिवसभर वर-खाली होत असतो, तेव्हा तिची लाळ म्हणजे पातळ केलेलं विरजणच. तंतू फोडणारे जिवाणू अगदी थोड्या दिवसांच्या वासरातही सापडतात, त्याने वैरणीची काडीही चावलेली नसते तेव्हापासून. पाहुणे आधी, पंगत नंतर.

यात एक क्रम असतो. सुरुवातीला येणारे बहुतेक जिवाणू प्राणवायूवर जगणारे, किंवा त्याच्यासह-त्याच्याशिवाय दोन्ही जमणारे. ते वाढतात आणि पोटातला होता-नव्हता प्राणवायू संपवून टाकतात. मग ज्यांना प्राणवायूचा वाराही सोसत नाही ते टिकू लागतात, आणि पहिले आलेले मागे पडतात. गोबरगॅसचा नवा खड्डा भरलेल्यांना हे माहीत असेल. पहिले काही दिवस निघणारा वायू पेटत नाही, मग एका सकाळी निळी ज्योत लागते. चालू खड्ड्यातली बादलीभर रबडी ओतली तर ते लवकर होतं. तो मिथेनचा कारखाना खड्ड्यात आला कुठून? गाईच्या पोटातूनच, शेणावाटे.

प्राणवायू न सोसणाऱ्या या मंडळींमुळे शास्त्रज्ञांची बराच काळ पंचाईत झाली. प्रोटोझोआ १८४३ सालीच पॅरिसमध्ये ग्रुबी आणि डेलाफाँ यांनी पाहिले होते, कारण ते मोठे, हलणारे, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पण सेल्युलोज फोडणारे जिवाणू बशीत वाढवायला घेतले की मरायचे. रॉबर्ट हंगेट या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने प्राणवायू काढून टाकलेल्या बंद नळ्या आडव्या फिरवून त्यांच्या आतल्या बाजूने आगर या जेलीचा पातळ थर बसवला आणि त्यात हे जिवाणू वाढवून दाखवले. हा माणूस गाईकडे आला वाळवीकडून. त्याचं आधीचं काम लाकूड खाणाऱ्या वाळवीच्या आतड्यावर. अशा वाळवीच्या पिल्लांना आतड्यातले सोबती मिळतात ते मोठ्यांच्या मागच्या बाजूने येणारा द्रव चाटून. कात टाकली की ते सोबती जातात, मग पुन्हा चाटायचं. किळस वाटली तरी रीत तीच, गाईचीही आणि वाळवीचीही.

बुरशीचा शोध तर आणखी उशिरा लागला. प्राणवायूशिवाय बुरशी जगूच शकत नाही असं सगळे समजून होते, त्यामुळे कोटीपोटात पोहणारे तिचे बीजाणू प्रोटोझोआच आहेत असं वर्षानुवर्षं धरलं गेलं. १९७५ च्या सुमारास कॉलिन ऑर्पिन यांनी ती बुरशी असल्याचं दाखवलं. कडब्याच्या चिवट काडीत मुळं घुसवून ती फोडणारी हीच.

प्रोटोझोआंचं मात्र वेगळं आहे. शेणावर किंवा वैरणीवर ते तग धरत नाहीत, मोठ्या जनावराची ओली लाळ लागते. जन्मापासून मोठ्या जनावरांपासून पूर्ण वेगळं वाढवलेलं वासरू प्रोटोझोआशिवायच मोठं होतं. घाबरू नका, त्याने ते मरत नाही. प्रोटोझोआ स्वतःच जिवाणू खातात, त्यामुळे ते नसलेल्या जनावराला जिवाणूंचं प्रथिन उलट जास्त मिळतं. पण भात किंवा भरड्याचे पिष्टकण ते गिळून ठेवतात आणि सावकाश पचवतात, त्यामुळे अचानक आम्ल वाढत नाही. मला तरी गोठ्यातल्या जनावरात ते असलेले बरे वाटतात.

आता 'शरीर मारत का नाही'. पहिली गोष्ट, ते शरीराच्या आत नाहीतच. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी ही बाहेरचीच जागा आहे, घराच्या मधून जाणाऱ्या बोळासारखी. कोटीपोटाची भिंत आतून त्वचेसारखी थरांची, वरचा थर मेलेल्या कडक पेशींचा, त्यात एकही ग्रंथी नाही. मारायचं सामान चौथ्या पोटात आहे, कोटीपोटात नाही. इथे उलट पाहुणचार आहे: गाय दिवसाला शंभर लिटरच्या पुढे लाळ गिळते, तिच्यातले बायकार्बोनेट आणि फॉस्फेट जिवाणूंनी केलेलं आम्ल मारत राहतात. तयार झालेलं आम्ल भिंत शोषून घेते, वायू ढेकरेने बाहेर जातो, स्नायू दर मिनिटाला एक-दोनदा सगळा माल ढवळतात. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) मूठ दाबून धरली की ही लाट हाताला लागते. गोठ्यात गेलो की डॉक्टर म्हणून माझा हात आधी तिथेच जातो.

भिंतीला चिकटून राहणाऱ्या जिवाणूंचा एक वेगळाच गट आहे, त्याची कामगिरी थोड्यांनाच माहीत असते. रक्तातून भिंतीतून झिरपणारा प्राणवायू हे दारातच संपवतात, त्यामुळे आतल्यांपर्यंत तो पोचत नाही. रक्तातून येणारा युरियाही हेच फोडतात आणि त्याचा अमोनिया आतल्या जिवाणूंना देतात. म्हणजे माणूस जो नत्र लघवीतून टाकून देतो, त्यातला बराचसा गाय पोटात परत आणून जिवाणूंकडून प्रथिनात बदलून घेते. कोरड्या कडब्यावर दुष्काळ काढलेली खिलार बघितली की मला या चिकट मंडळींची आठवण येते.

बाकीच्यांना टिकायचं तर दोनच मार्ग. कोटीपोट ही वाहती जागा आहे, माल सारखा पुढे जातोय. एकतर वाहून जाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वाढायचं, नाहीतर काहीतरी धरून बसायचं. तंतू फोडणारे दुसऱ्या मार्गाचे: फायब्रोबॅक्टर, रुमिनोकोकस हे काडीला घट्ट चिकटतात आणि चिकटल्या जागी खातात. जाड काडी पोटात रेंगाळते म्हणून तेही रेंगाळतात. वैरण अगदी पिठासारखी बारीक करून घातली तर ती भराभर पुढे सरकते आणि तिच्यावरचे जिवाणूही सोबत जातात. कुट्टी करा, पण पीठ करू नका असं आम्ही म्हणतो ते यासाठीही. दुसरं कारण रवंथ. काडी टोचल्याशिवाय रवंथ नाही, आणि रवंथाशिवाय लाळ नाही.

इतकं सगळं बसलेलं असताना एखादा नवा जिवाणू पाकिटातून आला तर काय होईल? त्याची जागा आधीच कोणीतरी घेतलेली असते. २०१० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. दुभत्या गाईंच्या जोडीत एकीच्या कोटीपोटातला पंचाण्णव टक्क्यांहून जास्त माल काढून दुसरीत घातला, दुसरीचा पहिलीत. चोवीस तासांत दोघींच्या पोटातली आम्लता आपापल्या जुन्या पातळीवर परत आली. आणि काही आठवड्यांत जिवाणूंचं मिश्रणही ज्या-त्या गाईच्या मूळ मिश्रणाकडे वळू लागलं. एकीचं दोन आठवड्यांत, दुसरीला दोन महिने लागले. भरलेलं पोट रिकामं करून दुसऱ्याचं अख्खं ओतलं, तरी गाईने आपल्या घडणीप्रमाणे लाळ, ढवळण, वाहण्याचा वेग देऊन आपलेच भाडेकरू पुन्हा निवडले. तिथे तुमच्या वीस ग्रॅम पावडरीची काय कथा.

मग बैलाचा रस कसा चालला? कारण भाताने तुमच्या गाईचं पोट आधी ओस पाडलं होतं. हा प्रकार मी दर लग्नसराईत पाहतो. एका गोठ्यावरचा सांगतो. सकाळी सात वाजता फोन, आदल्या दुपारी गाईने दोन घमेली भात आणि बुंदी खाल्ली. गेलो तर गाय उभी होती पण दात खात होती, डोळे खोल गेलेले, भकाळी दाबली तर आत पाणी डुचमळल्यासारखं, लाट एकही नाही. नळी घालून रस काढला. चांगल्या रसाचा रंग हिरव्या चाऱ्यावर शेवाळी, कोरड्यावर पिवळसर तपकिरी, वास उग्र पण न किळसवाणा, मुरलेल्या मुरघासाच्या जवळचा. हा दुधाळ राखाडी होता आणि त्याला शिळ्या ताकासारखा आंबट वास होता. सामूची पट्टी पाचच्या खाली. गाडीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. निरोगी रसात तिथे भर बाजार असतो, केसाळ लंबगोल प्रोटोझोआ एकमेकांना ढकलत पळत असतात. इथे एकही हलत नव्हता. मिथिलीन ब्लूचे थेंब टाकून ठेवले. जिवंत रस निळा रंग तीन ते सहा मिनिटांत घालवतो. माझा चहा पिऊन झाला तरी नळी निळीच.

आत झालं होतं ते असं. स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस हा जिवाणू प्रत्येक गाईत थोडाफार असतो, गुण्यागोविंदाने. त्याला फुकटचा भरपूर पिष्ट आणि साखर मिळाली की अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो आणि लॅक्टिक आम्ल ओकत राहतो. सामू खाली येतो, तंतू फोडणारे थांबतात, प्रोटोझोआ फुटतात. आणखी खाली आला की स्ट्रेप्टोकोकसलाही झेपत नाही, मग लॅक्टोबॅसिलस राज्य करतो. होय, दह्यातल्याच कुळातला, ज्याला पाकिटावर 'चांगला जिवाणू' म्हणतात तो. दह्यात चांगला, इथे नाही. रक्तातलं पाणी पोटात खेचलं जातं, गाय कोरडी पडते. भिंत सोलवटली तर आतले जिवाणू रक्तात घुसून यकृतात गळवं करतात. मघाशी म्हटलेल्या बोळाला भगदाड पडतं ते इथे.

त्या गाईला शिरेतून सलाईन, तोंडाने खायचा सोडा, आणि नळीने पोट धुऊन घेतलं. दुसऱ्या दिवशी सामू सहाच्या वर आला, तेव्हाच रस घातला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आंबट पोटात निरोगी रस ओतणं म्हणजे पेटलेल्या घरात भाडेकरू नेणं. शेजारच्या म्हशीचा चार लिटर रस काढला, पातळ फडक्याने गाळला, दुधाच्या किटलीत भरून गोणपाट गुंडाळला, कारण थंड पडला आणि हवा लागली की अर्धे उपयोगाचे जिवाणू वाटेतच जातात. अर्ध्या तासात गाईच्या पोटात. शक्य असेल तेव्हा आठ-दहा लिटर द्यावा. काही ठिकाणी शेळी-बोकड कापणाऱ्याकडून ताजा रस मिळतो, तोही चालतो. तिसऱ्या दिवशी तिने वाळलेल्या गवताची काडी ओढली. संध्याकाळी रवंथ. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्याने आजारी गोऱ्ह्याच्या तोंडात चांगल्या बैलाच्या तोंडातला रवंथाचा घास काढून कोंबला होता आणि मी त्याला हसलो होतो. आता तेच नळीने करतो, बिल लावतो.

म्हणजे नेमका फरक असा: रसात शेकडो जातींचं, एकमेकांशी सवय झालेलं गाव असतं आणि ते ओस पडलेल्या, पण पुन्हा राहण्याजोग्या केलेल्या जागेत जातं. पाकिटात एक-दोन जाती, त्याही बऱ्याचदा कोटीपोटात न राहणाऱ्या. यीस्टची पावडर वेगळी. यीस्टही तिथे वस्ती करत नाही, पण असेपर्यंत प्राणवायू खाऊन बाकीच्यांना थोडी मदत करते, म्हणून ती रोज द्यावी लागते. जास्त खुराकावरच्या दुभत्या गाईत मी ती लिहून देतो, पण वासराच्या ढेरपोटावर नाही.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. बाहेरून आणलेला एकच जिवाणू टिकला आणि त्याने सगळं बदललं असंही झालंय. सुबाभूळ. उरुळीकांचनच्या बायफ या संस्थेने आपल्याकडे ती चाऱ्यासाठी रुजवली, बांधाबांधावर गेली. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं, त्याने केस गळतात. पोटात त्याचं डीएचपी हे दुसरं विष होतं आणि ते थायरॉइडला मारतं: गलगंड होतो, वासरं खुरटतात. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणाऱ्या गुरांना हे व्हायचं, हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या टाउन्सव्हिलच्या शास्त्रज्ञाने शंका घेतली की फरक शेळीत नाही, तिच्या पोटातल्या कुणात तरी आहे. हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियात नेले, तिथल्या जनावरांना दिले, आणि विषबाधा थांबली. १९८६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कळपातल्या थोड्या जनावरांना दिलं तरी ते बाकीच्यांत आपोआप पसरायचं, लाळेतून, पाण्याच्या हौदातून. १९९२ मध्ये त्या जिवाणूला जोन्सच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोनेसी हे नाव मिळालं.

तो का टिकला? कारण त्याच्या ताटात दुसरं कोणी जेवत नव्हतं. डीएचपी खाणारा तिथे नव्हताच, आणि सुबाभूळ रोज पोटात येत होती. रिकामी खुर्ची आणि रोजचा डबा, दोन्ही तयार. (अलीकडे यावर फेरविचारही झालाय: जनावराचं यकृतही डीएचपीला बांधून लघवीवाटे टाकतं, सगळं श्रेय जिवाणूचं नाही.) असंच ऑक्झॅलेटचं. उसाच्या वाढ्यात ते असतं आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. ते खाऊन जगणारा ऑक्झॅलोबॅक्टर नावाचा जिवाणू आहे. पोटात तो थोडा असतोच, पण वाढं हळूहळू वाढवत नेलं तर तोही वाढतो आणि जनावर सोसतं. उपाशी जनावरासमोर पहिल्याच दिवशी वाढ्याचा भारा टाकला तर सोसत नाही. चारा छावण्यांत हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय. कोणतीही वैरण बदलताना दोन आठवडे घ्या असं आम्ही सांगतो, ते गाईच्या जिभेसाठी नसतं.

आता तुमची कालवड. तिच्या पोटात जिवाणू आलेले असणार, माणसाच्या हातावरून, गोठ्यातल्या हवेवरून, शेजारच्या दावणीवरून. कमी आहे ती जागा. कोटीपोटाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे केसाळ उंचवटे वाढावे लागतात, त्यांतूनच आम्लं शोषली जातात. ते वाढतात ब्युटिरिक आम्लाने, आणि ते येतं दाणे आंबवून. तुम्ही लवकर दूध तोडून कडब्यावर सोडलेलं दिसतंय. कडब्याने पिशवी ताणली गेली, म्हणून ढेर. आतलं अस्तर गुळगुळीत राहिलं, म्हणून वाढ नाही. वासरासाठीचा चांगला खुराक पहिल्या आठवड्यापासून मूठभर समोर ठेवायचा असतो, सुरुवातीला ते फक्त नाक बुडवतं, चालेल. रोज ताजा, ओला झालेला गाईला टाका. मऊ गवत थोडंच.

आणि पाणी. दूध खोबणीतून वळसा घालून जातं, पण साधं प्यालेलं पाणी कोटीपोटात पडतं, आणि जिवाणूंना पोहायला तेच लागतं. 'दूध पितंय की, पाणी कशाला' हे वाक्य मी प्रत्येक तिसऱ्या गोठ्यात ऐकतो. पहिल्या आठवड्यापासून बादली ठेवा.

वेगळं बांधण्याबद्दल: पूर्ण चूक म्हणणार नाही. जोन्स रोग, म्हणजे मोठेपणी न थांबणारी हगवण लावणारा आजार, मुख्यतः आईच्या शेणातून लहान वासरात जातो (नाव सारखं वाटलं तरी हा आपला सुबाभळीवाला जोन्स नाही), क्षयही जवळिकीने पसरतो. कळपाची तपासणी झालेली नसेल तर वेगळं ठेवणं शहाणपणाचं. तपासणी करून घ्या, चीक पहिल्या दोन तासांत पोटभर पाजा, विल्यावर गाईला वासरू पूर्ण चाटू द्या, आणि महिन्याभरानंतर एखाद्या निरोगी, तपासलेल्या भाकड गाईच्या शेजारी दावण लावा, एकमेकींना तोंड लावता येईल इतकी. जुलाब झाला म्हणून तोंडाने प्रतिजैविकांच्या गोळ्या मनानेच चारू नका. त्या पोटात निवड करत बसत नाहीत. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराला तर अजिबात नाही.

या कालवडीला रस पाजावा का असंही विचाराल. आधी तीन आठवडे खुराक आणि पाणी द्या, वजनाची पट्टी छातीभोवती लावून दर आठवड्याला आकडा लिहून ठेवा. तरी हलली नाही तर जंताची तपासणी, आणि मग अर्धा लिटर रस एकदा घालून बघायला हरकत नाही. पावडरीचं उरलेलं पाकीट दुकानदाराला परत करता आलं तर करा. बांधावर सुबाभूळ असेल तर तिचा पाला एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, शेळ्यांच्या गळ्याखाली अधूनमधून हात फिरवून गाठ लागते का बघा, आणि घोडा असेल तर त्याला तो पाला घालू नका, आयाळ गळेल.